गाडीचे ॲव्हरेज अचानक घटते तेव्हा

बाळाचे वजन महिन्याभरात अर्ध्या किलोने घटले, अशी तक्रार घेऊन एखादी आई आली की आम्ही बालरोगतज्ज्ञ प्रथम बाळाकडे नव्हे, वजनकाट्याकडे पाहतो. मागच्या खेपेस काटा कोणता होता, अंगावर स्वेटर होता का, वजन दूध पाजण्याआधी केले की नंतर, एवढे विचारल्यावर बऱ्याचशा तक्रारी तिथेच निकालात निघतात. उरतात त्यांतील एकही मात्र दुर्लक्षून चालत नाही. गाडी अचानक अधिक पेट्रोल पिऊ लागते तेव्हाही हाच क्रम पाळावा, हे मला बऱ्याच उशिरा आणि पदरचे साडेसहा हजार रुपये घालवून कळले. सहव्यवसायी बंधुभगिनींचे तेवढे तरी वाचावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२५ च्या जुलैत आम्ही उभयता तीन आठवडे मुलीकडे गेलो होतो. बेळगावचा पाऊस आपणांस ठाऊक आहेच. गाडी तेवढे दिवस अंगणात भिजत उभी होती. परतल्यावर महिन्याभरात लक्षात आले, की लिटरला पंधरा किलोमीटर देणारी ही सात वर्षांची गाडी आता जेमतेम दहा-साडेदहा देते आहे.

त्या दिवसांत कोणाही चारचौघांत हा विषय काढला, की एकमुखाने निदान होई : इथेनॉल! वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत प्रथम विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले, हे खरेच. पण औषधाची मात्रा मोजणाऱ्याने रोगकारणाचीही मात्रा मोजावी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. हिशेब मांडला, तर वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सात टक्के ऊर्जा कमी भरते, आणि पूर्वीच्या दहा टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचीच घट अंदाजिली होती. माझ्या गाडीची घट तीस टक्के होती. चार-पाच किलोमीटर नाहीसे झाले, तर इथेनॉलच्या खात्यावर त्यांतील एखादा टाकता येईल, सगळे नव्हेत. सर्दी झालेल्या मुलाला झटके आले तर ते सर्दीमुळे आले असे आपण लिहून देत नाही.

मी मात्र तेव्हा हा हिशेब न करता थेट गॅरेजमध्ये गेलो. तेथे इंजेक्टर धुतले गेले, स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर नवा बसला. फरक शून्य. त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. रुग्णाला हात न लावता टॉनिक लिहून द्या म्हणणारा नातेवाईक मीच होतो.

मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आधी मोजमाप. डॅशबोर्डवरील आकडा हा गाडीने स्वतःच केलेला अंदाज असतो. त्यावर विसंबू नये. टाकी पूर्ण भरावी, नळी आपोआप बंद होताच थांबावे, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि टाकी बरीच उतरल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पुन्हा तशीच भरावी. दहा लिटर भरून हिशेब केला तर नळी एक लिटर आधी-नंतर बंद झाल्यानेही दहा टक्क्यांची चूक होते. तीस लिटरांत ती तीन टक्क्यांवर येते. तीनदा भरून पाहिल्यावर आकडा स्थिर होतो. माझ्या शेवटच्या नोंदीत ३१२ किलोमीटरला २९.७ लिटर लागले होते, म्हणजे साडेदहा. काटा खोटे बोलत नव्हता.

त्यानंतर इतिहास. घट केव्हापासून, आणि हळूहळू की एकाएकी? या एका प्रश्नाने संशयितांची अर्धी रांग घरी जाते. प्लग झिजणे ही महिनोन् महिने चालणारी क्रिया आहे. टायरमधील हवाही हळूहळूच उतरते, आणि ती बरीच उतरली तरी ॲव्हरेज दोन-तीन टक्केच खाली येते. एअर फिल्टरचा धाक तर कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. इंजेक्शन प्रणालीच्या गाडीत आत येणाऱ्या हवेच्या मापानेच पेट्रोल सोडले जाते, म्हणून फिल्टर तुंबला तर गाडीचा जोर कमी होतो, ॲव्हरेज फारसे बिघडत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रयोगाने हेच दाखवले. एकाएकी होणाऱ्या घटीची कारणे निराळी : चिकटलेला ब्रेक, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, चुकीचे सांगणारा सेन्सर, पेट्रोलची गळती, किंवा आपलीच बदललेली दिनचर्या. (गळतीच्या बाबतीत एवढेच, की पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूही करू नये.)

माझा आरंभबिंदू तर स्पष्ट होता : तीन आठवडे पावसात उभी असलेली गाडी. आता आठवू लागले, की गाडी किंचित डावीकडे ओढते, आणि मी ते रस्त्याच्या उतारावर ढकलले होते. ॲक्सिलरेटर सोडला की ती पूर्वीसारखी वाहत जात नाही, चटकन मंदावते. पत्नीने दोनदा म्हटलेही होते, “अहो, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय.” मी तो पुढच्या ट्रकचा ठरवला होता. लक्षणे सगळी सांगितली जात होती. विचारणारा कोणी नव्हता.

तपासणी अगदी सोपी आहे. खानापूर रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर गेलो, ब्रेक शक्य तितका कमी लावला, आणि गाडी आपसूक थांबू दिली. उतरून चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली, स्पर्श न करता. कारण ब्रेकची तबकडी भाजू शकते. तीन चाके कोमट, पुढचे डावे चाक तव्यासारखे. खात्री करावी म्हणून दवाखान्यातील कपाळाचा थर्मामीटर सोबत नेला होता. उजव्या चाकापाशी त्याने ३८ दाखवले, डाव्यापाशी आकडा सोडून नुसते ‘हाय’ असे उमटले. मुलांच्या कपाळासाठी केलेले ते यंत्र चाकाचे खरे तापमान सांगणार नाही हे मान्य, पण डाव्या-उजव्यातील फरक त्यानेही ओळखला, आणि त्याचा तो उद्गारही मला समर्पक वाटला.

दुसऱ्या दिवशी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवल्याबरोबर मेकॅनिक म्हणाला, “डॉक्टर, ब्रेक धरलाय बघा.” कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतील एक गंजून घट्ट झाली होती, त्यामुळे पाय काढल्यावरही पॅड तबकडीवर घासतच राही. ढोबळ हिशेब केला, तर दर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ तीन लिटर पेट्रोल अधिक जळत होते. त्याच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो असे धरले, तरी शहरातल्या वेगाने जाताना त्या एका चाकात घरच्या गिझरएवढी, म्हणजे दोन-अडीच किलोवॅट, उष्णता अखंड तयार होत होती.

इथे मात्र प्रश्न पेट्रोलच्या पैशांपुरता राहत नाही. त्याच आठवड्यात आम्ही चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणार होतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरलेल्या ऑइलची ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आधीच तापलेले चाक घाटात आणखी तापले, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल खालपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही. माझे ऑइल चार वर्षांत बदललेले नव्हते. ते साधारणतः दोन वर्षांनी बदलावयाचे असते. ॲव्हरेजची घट हे येथे ज्वरासारखे केवळ लक्षण होते. त्यावर इथेनॉलचे लेबल लावून मी घाटात उतरलो असतो.

प्रत्येक गाडीत ब्रेकच सापडेल असे नाही. आमच्या एका भूलतज्ज्ञ मित्राच्या गाडीची चाके थंड होती, पण तापमानाचा काटा मध्यावर कधी येतच नसे. घर ते हॉस्पिटल चार किलोमीटर, त्यात थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. एरवी इंजिन ८०-९० अंशांपर्यंत तापेतो ही झडप पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती उघडीच राहिली तर इंजिन गारठलेले राहते, आणि ते अजून तापलेले नाही असे समजून संगणक पेट्रोल वाढवून देत राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर प्रश्न मिटला.

सेन्सरच्या बाबतीत एक सावधगिरी. गॅरेजमधील स्कॅनर ‘पी-०१७१’ असा संकेत दाखवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, आणि लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो. पण सेन्सर हा साक्षीदार आहे, आरोपी असेलच असे नाही. त्याच्या आधी सायलेन्सरच्या नळीला बारीक चीर असली, तर तिथून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला प्राणवायू अधिक दिसतो, आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. थंड पडलेल्या बोटावर पल्स ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवतो तेव्हा आपण आधी बोट शेकतो, यंत्र विकत आणत नाही. संकेत लिहून घ्यावा आणि तो का उमटला हे मेकॅनिकला विचारावे.

असो. पिना साफ करून वंगण घातले, दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदलले, नवे ब्रेक ऑइल भरले. खर्च आधीच्या टॉनिकपेक्षा कमी आला. गोव्याला आम्ही एक रविवार उशिराने गेलो. त्यानंतर पुन्हा तीनदा टाकी भरून मोजले; सरासरी १४.४ आली. पंधरापैकी उरलेले ०.६ किलोमीटर, म्हणजे चार टक्के, मी आता निःशंकपणे इथेनॉलच्या नावावर लिहिले आहेत.