व्हाउचरपासून दुसऱ्या फळीपर्यंत

स्वयंसेवी संस्थेची क्षमता वाढवणे म्हणजे तिच्या गावांची किंवा लाभार्थ्यांची संख्या वाढवणे नव्हे. हाती घेतलेले काम नीट, सातत्याने आणि संस्थापक जागेवर नसतानाही होत राहणे, याला क्षमता म्हणतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्था एका व्यक्तीच्या किंवा एका जोडप्याच्या ध्यासातून उभ्या राहिल्या. सुरुवातीची काही वर्षे हा ध्यासच संस्थेचे नियोजन असतो, कार्यालय असतो आणि हिशेबही असतो. काम पाच गावांतून पन्नास गावांत गेले की तो पुरा पडत नाही. देणगीदार वाढतात, प्रत्येकाचा अहवालाचा नमुना वेगळा असतो, कार्यकर्त्यांची संख्या एका खोलीत मावत नाही. क्षमता बांधणीचे काम साधारण इथून सुरू होते.

पहिला टप्पा पाहणीचा. बाहेरून आलेले दोघे-तिघे जाणकार संस्थेत राहतात, गावांत फिरतात, कार्यकर्त्यांशी बोलतात. पण त्याआधी कपाट उघडायला सांगतात. महाराष्ट्रातील पुष्कळ संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. त्यामुळे सर्वांत आधी मागितला जातो तो धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट एक. त्यावर विश्वस्तांची नावे असतात. ती नावे आणि प्रत्यक्ष बैठकीला बसणारी माणसे यांचा मेळ बसतो का, हे पाहिले जाते. अनेकदा तो बसत नाही. उताऱ्यावरचा एखादा विश्वस्त केव्हाच वारलेला असतो, दुसरा परगावी स्थायिक झालेला असतो, आणि दहा वर्षे कारभार पाहणाऱ्या सचिवाचे नाव तिथे नसतेच.

याचे कारण बहुधा साधे असते. विश्वस्त बदलला की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे रोजच्या बोलीतला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो राहून जातो. पुढची निवडणूक होते, तिचाही अर्ज राहतो, आणि मग मागचे सगळे अर्ज क्रमाने मंजूर करून घेतल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. कोणी हरकत घेतली तर प्रकरण वर्षानुवर्षे चालते. तोवर बँकेतल्या सह्या अडतात, मोठा देणगीदार कागद पाहून मागे फिरतो, आणि कलम ३६ खाली जमिनीच्या व्यवहाराची परवानगी मागायची तर अर्ज कोणाच्या सहीने करायचा, हाच प्रश्न उभा राहतो. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: घटनेप्रमाणे वेळेवर सूचना काढणे, गणपूर्ती तपासणे, इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहिणे, संमतीपत्रे घेणे, अर्ज दाखल करून त्याचा पाठपुरावा करणे. या कामाचा फोटो वार्षिक अहवालात छापला जात नाही. तरीही संस्थेचे पुढचे सगळे कामकाज याच पायावर उभे असते.

दुसरे कपाट हिशेबाचे. इथे एक व्हाउचर हातात घेऊन बरेच शिकवता येते. ‘प्रवास खर्च, रु. ३४०’ एवढेच त्यावर लिहिलेले असते आणि खाली एकच सही असते. हा प्रवास कुठून कुठे झाला, कशासाठी झाला, कोणी मंजूर केला, कोणत्या प्रकल्पाच्या खात्यावर टाकला, याची उत्तरे कार्यकर्त्याला तोंडी सांगता येतात. सहा महिन्यांनी तीही सांगता येत नाहीत. म्हणून खर्च करणारा, मंजुरी देणारा आणि नोंद करणारा अशी तीन माणसे वेगळी असावीत, ही पहिली घडी बसवली जाते. छोट्या संस्थेत एकच लेखनिक तिन्ही कामे करत असतो. अशा ठिकाणी निदान मंजुरी तरी दुसऱ्याकडे द्यावी लागते. मग येतो सामायिक खर्च. एकच जीप तीन प्रकल्पांसाठी धावते. लॉगबुक नसेल तर डिझेल कोणाच्या निधीतून गेले हे कोणालाच सांगता येत नाही. उचल घेतलेल्या रकमांचा हिशेब महिन्याच्या आत घेणे, बँक ताळमेळ दरमहा करणे, निधीनिहाय खतावणी ठेवणे, एवढी शिस्त लागली तरी मार्चअखेरची धावपळ निम्म्याने उतरते.

ही शिस्त आता केवळ चांगली सवय राहिलेली नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, परदेशातून येणारा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच घेणे बंधनकारक झाले, आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन खेड्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांना या शेवटच्या तरतुदीचा फटका बसला. दुसरीकडे, २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा निधी मोठा असला तरी बहुधा प्रकल्पाला बांधलेला आणि वर्षाच्या मुदतीचा असतो. त्यातून बंधारा होतो, शाळेला संगणक मिळतात. लेखापालाचा पगार निघत नाही.

या अडचणीचे मूळ देणगीदारांच्या अपेक्षेत आहे. अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये ‘स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू’मध्ये अमेरिकेतील संस्थांच्या संदर्भात हे चक्र मांडले. देणगीदाराला प्रशासकीय खर्च कमी हवा असतो, संस्था तो कमी करून दाखवते, ते पाहून अपेक्षा आणखी खाली जाते, आणि संस्था हळूहळू उपाशी पडते. महाराष्ट्रातल्या ग्रामीण संस्थेचे अंदाजपत्रक चाळले तरी हेच दिसते. कार्यालयाच्या भाड्याचा रकाना कोरा असतो आणि भाडे संस्थापकाच्या खिशातून जात असते. ही प्रथा चुकीची आहे, आणि ती मोडण्याची पहिली जबाबदारी पैसे देणाऱ्याची आहे.

कामाचे मोजमाप हा क्षमतेचा सर्वांत सकस भाग. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवणारा त्यांचा प्रयोग जगाने मानला, तो नोंदींच्या बळावर. एकोणचाळीस गावांत सेवा दिली आणि तुलनेसाठी सत्तेचाळीस गावे ठेवली. प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला गेला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे आले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून केलेल्या कामात प्रशिक्षणाची रीत पाहण्यासारखी होती. ग्राम आरोग्य सेविका, ज्यांतल्या बऱ्याच जणींनी शाळा पाहिलेली नव्हती, नियमाने केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा शिकत. हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेने हे साधत नाही.

शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग माणसांचा. अनेक संस्थांत पगाराला ‘मानधन’ म्हटले जाते आणि त्या नावाखाली भविष्य निर्वाह निधी, रजा, नेमणूकपत्र हे सगळे टळते. चांगला कार्यकर्ता चार-पाच वर्षांत सोडून जातो आणि त्याच्याबरोबर गावांची ओळखही जाते. दुसरी फळी उभी करायची तर त्या माणसाला अंदाजपत्रक आखू द्यावे लागते, देणगीदारासमोर बसवावे लागते, धनादेशावर सहीचा अधिकार द्यावा लागतो. संस्थापकाला हे जड जाते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण हे शक्य असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला ‘बाएफ’ स्थापन केली. १९९३ मध्ये ते गेले. त्यानंतर संस्थेतच घडलेल्या अधिकाऱ्यांनी धुरा सांभाळली आणि शेतकऱ्याच्या दारात पशुपैदाशीची सेवा देणारे काम अनेक राज्यांत चालू राहिले.

या सगळ्याला एका वर्षाचा प्रकल्प पुरत नाही. किमान दोन-तीन वर्षे सोबत लागते. म्हणून संस्थेने अर्ज करताना लेखापाल, लेखापरीक्षण, प्रशिक्षण आणि कार्यालय यांचा खरा खर्च न लपवता मांडावा, आणि देणगीदाराने तो स्वतःहून विचारून द्यावा.