माझ्या कपाटावरचा पार

१९९० नंतरची गोष्ट. नाशिकच्या टेलिफोन ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी रात्रपाळीला होते. एक लाइन तपासायला कानाला लावली आणि आतून किंकाळी आली, मग खरखर, मग पुन्हा किंकाळी. मी दचकून कॉर्ड काढणार, एवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या सिनियर बाई म्हणाल्या, "अगं, राहू दे. कॉम्प्युटर बोलतायत." कोण कुणाशी बोलतंय, काय बोलतंय, हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नाही.

आज माझ्या हॉलमधल्या कपाटावर तळहाताएवढा एक संगणक चोवीस तास चालू असतो. त्याच्यावर मी बुलेटिन बोर्ड चालवते. त्याचं नाव 'पार'. त्या रात्रीच्या किंकाळीचा अर्थ मला निवृत्तीनंतर, भाच्याने हे यंत्र आणून दिल्यावर कळला.

बुलेटिन बोर्ड म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याआधीचा चव्हाटा. १९७८च्या जानेवारीत शिकागोला मोठं हिमवादळ झालं. घरात अडकलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी ठरवलं, की आपल्या संगणक-क्लबच्या फळ्यावरच्या चिठ्ठ्या संगणकावर ठेवायच्या. ज्याला वाचायच्या त्याने मॉडेमने, म्हणजे संगणकाला फोनवर बोलतं करणाऱ्या यंत्राने, फोन लावून वाचाव्यात. १६ फेब्रुवारीला त्यांचा बोर्ड सुरू झाला. फोनची लाइन एक, म्हणून एका वेळी माणूसही एकच. एकाने फोन ठेवला की दुसऱ्याचा नंबर लागायचा.

पण तो फळा त्याच गावात राहायचा. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी आपला बोर्ड बाल्टिमोरच्या जॉन मॅडिल यांच्या बोर्डाशी जोडला. अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दिवसा ट्रंक कॉल लावणं महाग. म्हणून दिवसभराची पत्रं साठवायची, रात्री दर उतरले की यंत्राने यंत्राला फोन करायचा, गठ्ठा द्यायचा आणि लाइन सोडायची. हेच फिडोनेट. प्रत्येक खंडासाठी टपालाची वेळ ठरलेली असे. उत्तर अमेरिकेची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी अडीच ते साडेतीन. त्या तासात बोर्डाने माणसांचे फोन घ्यायचे नाहीत, फक्त टपालाचे घ्यायचे. लाइन मोकळी ठेवण्याची ही शिस्त वाचली तेव्हा मला ही माणसं आपल्यातली वाटली.

आपल्याकडेही असे बोर्ड होते. बंगळुरूला अतुल चिटणीस यांचा 'सिक्स' होता, मुंबईतही काही होते. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं आणि बोर्डांची गर्दी पांगत गेली. पण बोर्ड संपले नाहीत. आता ते फोनऐवजी इंटरनेटवरून बोलतात, बाकीची रीत जुनीच आहे.

फिडोनेटवरची पत्रं दोन जातींची. पहिली नेटमेल. आमच्या वेळचा पी.पी. कॉल आठवा : अमुक नंबरवर अमुकच माणूस हवा, दुसरा नको. नेटमेल तसं एका माणसाचं असतं. दुसरी जात एकोमेल. १९८६च्या सुमारास टेक्ससमधल्या डॅलसचे जेफ रश यांनी ती काढली. तिच्यात पत्र एका माणसाला न जाता एका विषयाला जातं, आणि तो विषय घेतलेल्या प्रत्येक बोर्डावर त्याची प्रत उमटते. मी नाशिकला लिहिलेलं फिनलंडच्या बोर्डावर दिसतं आणि तिथलं उत्तर माझ्या कपाटावर येऊन पडतं. मूळ कागद म्हणून कुठेच नसतो, सगळ्या प्रतीच. गावोगावी पार बांधलेला आणि एका पारावर बोललेलं सगळ्या पारांवर ऐकू येणारं, असं काहीसं.

या नेटवर्कशी आपल्या बोर्डाची जोडणी करायची कशी, ते सांगते. सगळ्यात आधी पत्ता लागतो. तो आपण ठरवायचा नाही, नेटवर्कच्या समन्वयकाकडे अर्ज करून मिळवायचा. पत्त्यात तीन-चार आकडे असतात : खंड, त्यातलं जाळं, त्यातला बोर्ड आणि हवा तर त्या बोर्डामागचा एखादा माणूस. एसटीडी कोड वाचता येणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मग वरचा दुवा, म्हणजे आपलं टपाल जिथून येतं-जातं तो हब. त्याचा पत्ता आणि त्याच्याशी ठरलेला पासवर्ड दोन्हीकडे अक्षरशः सारखा हवा.

त्यानंतर खरं काम, ते विषयांचं. माझ्या सिंक्रोनेट या सॉफ्टवेअरमध्ये आधी एक गट करायचा, नेटवर्कच्या नावाचा; त्या गटाखाली एकेक विषयाचा बोर्ड. प्रत्येक विषयाला नेटवर्कने एक टॅग दिलेला असतो, मोठ्या लिपीत, मधे मोकळी जागा नसलेला. माझ्या वाचकांना बोर्डाचं नाव मी काहीही दाखवू शकते, पण टॅगमध्ये एक अक्षर चुकलं तर पत्रं येतात आणि "हा विषय ओळखत नाही" म्हणून बाजूच्या खोक्यात पडून राहतात. पहिल्या आठवड्यात माझी चाळीस पत्रं अशी पडली होती. सगळं जागेवर बसलं की हबवरच्या 'एरियाफिक्स' नावाच्या कारकुनाला नेटमेल पाठवायचं : पुढे अधिकचं चिन्ह, मागे टॅग. एरियाफिक्स हा माणूस नाही, प्रोग्राम आहे. पण त्याच्याइतका तत्पर कारकून मी नोकरीत पाहिला नाही.

जुनी पत्रं किती ठेवायची हेही आपणच ठरवतो. चाचणीच्या विषयात मी दोनशेवर ठेवत नाही, गप्पांच्या विषयातलं काहीच पुसत नाही. पाहुण्यांना वाचता येतं, लिहिता येत नाही, कारण माझ्या बोर्डावरून गेलेल्या प्रत्येक पत्राखाली माझा पत्ता छापलेला असतो.

आता माझी चूक सांगते. एक्स्चेंजमध्ये आमचं पहिलं सूत्र पर्यायी मार्गाचं : मुंबईची थेट लाइन भरलेली असेल तर पुण्यावरून फिरवा. त्याच हिशेबाने मी एका विषयासाठी दोन हब जोडले, एक युरोपातला आणि एक अमेरिकेतला. एक बंद पडला तर दुसरा आहेच, असं समाधान वाटलं. पण एकोमेलचं झाड असतं, जाळी नसते. प्रत्येक पत्राच्या तळाशी ते कोणकोणत्या बोर्डांनी पाहिलं याची यादी जाते, म्हणजे पाहिलेल्याला कुणी पुन्हा पाठवू नये. खंड ओलांडताना मात्र ती यादी पुसली जाते. माझं यंत्र एका हबकडून आलेलं सगळं इमानाने दुसऱ्याला देत राहिलं आणि त्या दुसऱ्याकडे ते आधीच पोचलेलं होतं. सकाळी अमेरिकेच्या हबवाल्यांचं पत्र आलं. रात्रभरात त्यांच्याकडे शेकडो दुबार पत्रं जमली होती. त्यांच्या यंत्राने प्रत्येक पत्राची ओळखखूण ताडून ती अडवली, म्हणून पुढे पसरली नाहीत. एक दुवा ताबडतोब काढावा, एवढंच त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं. चौतीस वर्षं जो नियम पुण्यकर्म म्हणून पाळला, तो इथे नुकसान करत होता. मी दुवा काढला आणि दोघांची माफी मागितली.

भाषेचंही सांगायला हवं. हे जग रोमन लिपीचं आणि १९८०च्या दशकातल्या अक्षरसंचाचं. मी हौसेने चाचणीच्या विषयात "नमस्कार" असं देवनागरीत पाठवलं. जुन्या संचावरच्या वाचकांना प्रत्येक अक्षराच्या जागी ग्रीक अल्फा, त्यामागे डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन आणि आणखी एखादं चिन्ह दिसलं. कारण आता आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं, पहिले दोन जवळजवळ ठरलेले, आणि जुना संच प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो. पत्राच्या डोक्यावर लिपी जाहीर करणारी एक ओळ घालता येते. ती घातल्यावर नवी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना "नमस्कार" दिसला. मला तो दिसायलाच हवा होता.

फाइलींचे विभाग विषयांच्याच धर्तीवर. इथे गटाऐवजी लायब्ररी, विषयाऐवजी फाइलींची डिरेक्टरी. नेटवर्कवरून आलेल्या फाइलीसोबत एक छोटी टिक फाइल येते. ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टीच ती : माल कुठल्या विभागाचा, निघाला कुठून, वाटेत कुठे थांबला, पासवर्ड काय आणि तपासणीचा आकडा किती. फाइल वाटेत एका बाइटनेही बदलली तर आकडा जुळत नाही आणि माल आत घेतला जात नाही. कुठल्या विभागाचा माल कुठल्या डिरेक्टरीत उतरवायचा, एवढं आपण लिहून ठेवायचं. फाइलीच्या गठ्ठ्यात तिचं वर्णनही घालतात, जास्तीत जास्त दहा ओळी आणि ओळीला पंचेचाळीस अक्षरं. जुनं स्ट्रोजर पद्धतीचं टेलिफोन एक्स्चेंज कसं चालायचं यावर मी टिपणं टाइप केली, ती माझ्या स्थानिक विभागात आहेत. त्यांचं वर्णन दहा ओळींत बसवायला मला दोन संध्याकाळ लागल्या.

सगळ्यात जवळची फाइल मात्र दर शुक्रवारी निघते. ती नोडलिस्ट, जगभरच्या बोर्डांची डिरेक्टरी. फाइलीच्या नावाला वर्षातल्या दिवसाचा क्रमांक जोडलेला असतो. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिच्यात तीस हजारांहून अधिक बोर्ड होते, आता ती खूपच लहान झाली आहे. माझं नाव आलं त्या शुक्रवारी मी तिच्यात खाली खाली शोधत गेले. एका ओळीत बोर्डाचं नाव, गाव, चालवणारी मी, आणि पुढे फोन नंबरचा रकाना. आता फोनची गरज लागत नाही, तरी रकाना कुणी काढलेला नाही. नंबराच्या जागी "अप्रकाशित" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आणि शेजारी मॉडेमचा वेग, ३००.