घराण्यात कुणाला काही नाही ना?

स्थळ पसंत पडतं, पत्रिका जुळते, याद्यांचा दिवसही ठरतो. मग कुणीतरी आत्या वधूच्या मामीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारते, "घराण्यात कुणाला डोक्याचं काही नाही ना?" या एका प्रश्नाच्या धास्तीने आपल्याकडे कितीतरी काका साखरपुड्याच्या दिवशी दुसऱ्या गावी पाठवले जातात, कितीतरी बहिणींच्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपतात.

आत्याबाईंचा प्रश्न अगदीच निराधार नाही. मनाच्या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि स्किझोफ्रेनियात तो बराच मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो सुमारे 80 टक्के निघतो. पण या आकड्याइतका गैरसमज क्वचितच दुसऱ्या आकड्याने पसरवला असेल. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातल्या किती भागाचा संबंध जनुकांतल्या फरकांशी लागतो, एवढंच तो सांगतो. आजारी आईच्या मुलाला हा आजार होण्याची शक्यता 80 टक्के, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. सर्वसाधारण लोकांत ही शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते. आई किंवा वडील आजारी असतील तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे शंभरातली नव्वद मुलं या आजारापासून दूर राहतात. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांतसुद्धा एकाला स्किझोफ्रेनिया असताना दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो.

हा आजार कुठल्या एका जनुकात शोधायचा, याचं उत्तर 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दिलं: जनुकसंचातली 287 ठिकाणं. प्रत्येकाचा प्रभाव चिमूटभर, आणि यातले बहुतेक फरक तुमच्या-माझ्यात, आत्याबाईंच्या घराण्यातही, कमीजास्त विखुरलेले. त्याआधी 'नैराश्याचं जनुक' सापडल्याचाही गाजावाजा झाला होता. सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकावरचा 2003 सालचा शोधनिबंध वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिला. 2019 मध्ये लाखो लोकांची माहिती तपासल्यावर त्या दाव्याला आधार मिळाला नाही.

एकाच जनुकाने मन आणि शरीर दोन्ही पोखरणारा आजार मात्र आहे: हंटिंग्टन. आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलांत येण्याची शक्यता निम्मी. उदासी, चिडचिड, स्वभावातला बदल यांनी तो पुष्कळदा सुरू होतो, हातापायांच्या अनावर हालचाली मागाहून येतात. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची आई या आजाराने गेली. नॅन्सी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हा आजार आहे अशा वस्त्यांत, वर्षानुवर्षं जात राहिल्या. तिथल्या माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांमुळे 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावरची खूण मिळाली आणि 1993 मध्ये जनुक. त्यात 'सीएजी' हा तीन अक्षरांचा तुकडा 40 किंवा अधिक वेळा आला, की आजार होणारच. त्या वस्त्या मात्र गरिबीतच राहिल्या, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

खात्रीची चाचणी हाती आली, पण ज्यांना धोका होता त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ती करून घेतली. उपाय नसलेलं भविष्य कळून घ्यायचं नाही, हाही माणसाचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं. स्वतः वेक्सलर यांनी आपल्यालाही हा आजार आहे हे 2020 मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, जाहीर केलं.

मग जनुकच दुरुस्त केलं तर? क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राच्या कात्रीने ते काही ठिकाणी जमू लागलंय. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या 'कॅसजेव्ही' उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवणारा खटका मोडायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी घरांना या बातमीचं मोल सांगायला नको. अमेरिकेत तेव्हा जाहीर झालेली किंमत मात्र 22 लाख डॉलर. हा बदल रुग्णापुरता राहतो, त्याच्या मुलांत उतरत नाही. 'हे जियानकुई' नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने 2018 मध्ये जी जुळ्या मुलींची बातमी दिली, ती वेगळी होती. त्याने एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून गर्भावस्थेतच जनुक बदललं होतं. म्हणजे बदल पुढच्या पिढ्यांतही उतरू शकणार, आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना विचारण्याची सोयच नाही. त्याला तीन वर्षांची कैद झाली. असा गर्भ वाढवायला भारतातही आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे.

रक्तपेशी बाहेर काढून परत घालता येतात. मेंदूचं तसं नाही. शिवाय ती 287 ठिकाणं कापायची तरी कशी? आइसलँडमधल्या 2015 च्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरचा आनुवंशिक धोका जास्त असणं आणि कलावंतांच्या संघटनेत असणं यांचा संबंध दिसला होता. धागा उपटताना त्याला आणखी काय गुंफलेलं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. तरीही अमेरिकेत काही कंपन्या प्रयोगशाळेतल्या गर्भांचे स्किझोफ्रेनियाच्या धोक्याचे गुण काढून देतात. ते गुण ज्या माहितीवर उभे आहेत ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची. मराठी जोडप्याच्या गर्भाला ते आणखीच कच्चे लागू होणार.

मला भीती वाटते ती या कात्रीच्या आधीच्या कात्रीमुळे. नाझी जर्मनीने 1933 मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, आज आपण बायपोलर म्हणतो तो आजार होता, हंटिंग्टनही होता. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे मनोरुग्णालयांतून हजारो रुग्णांना नेऊन वायूने मारण्यात आलं. कुणाला मारायचं हे ठरवताना डॉक्टर फक्त फॉर्मवर खूण करत. आणि युद्धानंतर? स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण तिथे घटलेले दिसले नाहीत. घराणी कापली, तरी आजार उरलाच, कारण तो त्या घराण्यांपुरता कधी नव्हताच.

हे लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नये. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढण्यात आली. कारण आनुवंशिकतेचं नव्हतं, पाळीच्या स्वच्छतेचं दिलं होतं. पण त्यांच्या शरीराचा निर्णय त्यांना वगळून झाला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 95 ने मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी घातली.

आत्याबाईंचाच प्रश्न मनोविकारतज्ज्ञांकडे वेगळ्या तोंडून येतो. भावाला स्किझोफ्रेनिया असलेली मुलगी विचारते, "डॉक्टर, मी लग्न करू ना? माझ्या मुलांना होईल?" नीट ऐकणारा डॉक्टर तिला सांगतो, की सर्वसाधारणपेक्षा धोका थोडा जास्त, पण न होण्याचीच शक्यता कितीतरी मोठी. मुलं वयात येताना त्यांची झोप सांभाळ, गांजापासून लांब ठेव, बोलण्यात काही विचित्र वाटलं तर देवऋषाकडे वेळ न घालवता लगेच घेऊन ये. आणि मग विचारतो, "भाऊ गोळ्या नियमित घेतोय ना? या वेळी त्यालाही बरोबर आणायचं होतं."