फुकट पुस्तकांचा ढीग आणि आजीची सुकडी

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक भेटले की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘गणित-विज्ञान जमतं हो, पण इतिहासाचं काय करता?’ त्यामागे दोन काळज्या असतात. एक, पुस्तकांवर किती खर्च करायचा. दोन, इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी. ती घरी कशासाठी करायची?

पहिल्या काळजीचं उत्तर सोपं आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांची चांगली सामग्री मराठीत आणि इंग्रजीत फुकट मिळते, तीही सरकारी आणि कायदेशीर. अडचण वेगळीच आहे. पहिल्या महिन्यात मी हावरटासारख्या शंभरावर पीडीएफ डाउनलोड केल्या. मुलीने त्यातली एकही उघडली नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. विषय धरून गोळा केलेली सामग्री अशीच पडून राहते. प्रश्न धरून गोळा केली तर ती वाचली जाते, असा माझा अनुभव. म्हणून इथे एकच प्रश्न घेऊन टप्प्याटप्प्याने जाऊ: ‘बहात्तरच्या दुष्काळात आपल्या घरात काय झालं?’

त्याआधी एक कोरडं काम उरकून घ्या. मूल पुढे कोणती परीक्षा देणार, याचा अंदाज हवा. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकण्यासाठी वेगळी तरतूद नाही, त्यामुळे परीक्षेचा रस्ता आपणच शोधायचा असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, किंवा दहावीला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं, हे नेहमीचे रस्ते. वयाच्या आणि कागदपत्रांच्या अटी दर ठिकाणी वेगळ्या असतात. त्या त्या मंडळाच्या चालू माहितीपुस्तिकेतच बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. एनआयओएसची अभ्याससामग्री त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. मूल अजून आठ-नऊ वर्षांचं असेल तर हा विचार वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि पुढे चला.

आता पाठ्यपुस्तक. पुण्याची बालभारती १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तकं काढते. ती पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात, म्हणजे छापील पानांची जशीच्या तशी संगणकीय प्रत म्हणून, विनामूल्य मिळतात. चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक भारत, नववीला स्वातंत्र्यानंतरचा काळ, असा क्रम गेली काही वर्षं आहे. इंग्रजी किंवा हिंदीतून वाचणाऱ्यांसाठी एनसीईआरटीची पुस्तकंही अशीच मिळतात. पुस्तकात छापलेला क्यूआर कोड, म्हणजे तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, फोनने टिपला की ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरची त्या पाठाची पूरक सामग्री उघडते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवृत्तीची. जाहिरातींनी भरलेल्या खासगी स्थळांवर जुनीच पुस्तकं नव्या नावाने ठेवलेली असतात. अभ्यासक्रम बदलायला लागले की हा गोंधळ आणखी वाढतो. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीचं सामाजिक शास्त्राचं पुस्तक पूर्ण बदललं. त्या वर्षी जुनंच पुस्तक शिकवत बसलेले पालक मला माहीत आहेत. म्हणून पुस्तक मंडळाच्या स्वतःच्या स्थळावरूनच घ्या आणि आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष बघा.

सहावी, सातवी आणि आठवी, तिन्ही पुस्तकांत सुरुवातीलाच ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. परीक्षेत त्याला फारसं वजन नसतं, म्हणून घाईघाईने उरकला जातो. आपण मात्र त्यावरच आठवडाभर थांबा. साधन म्हणजे जुनी गोष्ट घडली हे ज्यावरून कळतं ते. नाणी, वास्तू, हत्यारं ही भौतिक साधनं. पत्रं, दप्तरं, छापील कागद ही लिखित. ओव्या, पोवाडे, माणसांच्या आठवणी ही मौखिक. हे तीन कप्पे मुलाच्या डोक्यात बसले की पुढची सगळी फुकट सामग्री कुठे ठेवायची ते त्याला कळतं.

मग घरातल्या मौखिक साधनाकडे वळा. १९७२-७३ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. महाराष्ट्रात तो फार मोठा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडली, रस्ते केले, बांध घातले, पाझर तलाव खणले. कामावर सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळायचा आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. हे आपण आधी वाचून ठेवा, पण आजीला सांगू नका. तिने सांगू दे.

मुलाखत घेताना सगळ्यात जास्त बिघडतो तो प्रश्न. ‘आजी, दुष्काळात खूप हाल झाले ना?’ असं विचारलं की ‘हो रे बाळा, फार’ यापुढे गाडी जात नाही. त्याऐवजी हाताला लागेल असं काही विचारायला मुलाला शिकवा. त्या वर्षी सकाळी चुलीवर काय असायचं? पाणी कुठून आणायचं, आणि त्या विहिरीवर कोणाला भरू देत नव्हते? कामावर घरातलं कोण गेलं, बाळाला कोणापाशी ठेवलं? बैल विकले का? विहिरीच्या प्रश्नावर मोठी माणसं कधीकधी गप्प होतात. मुलाला सांगा, ती शांतताही वहीत लिहायची.

दुसरी गडबड सालांची होते. मिलो आदल्या दशकातल्या टंचाईतही रेशनवर आलेली होती, त्यामुळे दोन काळ एकमेकांत मिसळतात. साल थेट विचारू नका, खुंटी शोधा: बांगलादेशच्या लढाईच्या आधी की नंतर? मोठ्या काकाचा जन्म झाला होता का? फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी परवानगी घ्या आणि पंखा बंद करा. (आमची पहिली मुलाखत म्हणजे चाळीस मिनिटं पंखा.) फाइलला लगेच नाव द्या: कोण, कोणतं गाव, कोणत्या तारखेला सांगितलं. परदेशात राहणाऱ्या कुटुंबांनाही हे व्हिडिओ कॉलवर छान जमतं. उलट आजीला तेवढंच बोलायला माणूस मिळतं.

आठवणी हाताशी आल्या की मराठी विश्वकोश उघडा. वीस खंडांचा हा ज्ञानकोश संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. ‘दुष्काळ’, ‘अवर्षण’, ‘रोजगार’ असे शब्द टाकून शोधा. एक सांभाळा: पहिला खंड १९७६ चा आहे. जुन्या नोंदींतले ‘सध्या’, ‘अलीकडे’ हे शब्द पन्नास वर्षांपूर्वीचे असू शकतात आणि लोकसंख्येचे, उत्पादनाचे आकडे तर नक्कीच. लहान मुलांना विश्वकोशाची भाषा जड जाते. त्यांच्यासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक स्थळावर मोफत ठेवलेले आहेत. त्या वर्षांतला एखादा अंक मुलाला नुसता चाळू द्या. चित्रं, जाहिराती, छापील किंमत, सगळंच साधन आहे.

आता माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा: जनगणनेची जिल्हा पुस्तिका. दर जनगणनेनंतर प्रत्येक जिल्ह्याची अशी पुस्तिका निघते आणि जुन्या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या डिजिटल संग्रहात विनामूल्य आहेत. १९७१ ची घ्या, म्हणजे दुष्काळाच्या तोंडावरची. तिच्यात गाववार यादी असते: क्षेत्र किती, घरं किती, माणसं किती, शाळा आहे का, पिण्याचं पाणी कुठून. पाण्याच्या रकान्यात विहीर, नळ, नदी यांसाठी रोमन अक्षरांचे संक्षेप असतात, त्यांची किल्ली सुरुवातीच्या पानांत दिलेली असते. आजी म्हणाली होती ‘नदीतल्या झऱ्याचं पाणी’ आणि पुस्तिकेत नुसतंच ‘विहीर’ असेल तर? मग वाद घालायला मजा येते. विहीर आटली असेल, किंवा ती आजीच्या वस्तीला खुली नसेल. कागद आणि माणूस दोघंही खरं बोलत असू शकतात, हे मुलाला अशा वेळी कळतं.

ही यादी शोधताना बहुतेक जण दोन ठिकाणी अडकतात. एक, जिल्हाच सापडत नाही. जालना १९८१ साली झाला, त्याआधी तिथली बहुतेक गावं औरंगाबादेत. लातूर १९८२ चा, आधी उस्मानाबादेत. सिंधुदुर्ग १९८१ चा, आधी रत्नागिरीत. दोन, गावाचं रोमन स्पेलिंग. संगणकाचा शोध स्कॅन केलेल्या पानांत धड चालत नाही, म्हणून तालुका काढून यादी डोळ्यांनीच वाचा. वीस मिनिटं लागतात. मुलं कंटाळत नाहीत, आपणच कंटाळतो.

नकाशाचा टप्पा छोटा आहे. इस्रोच्या ‘भुवन’वर किंवा फोनवरच्या नकाशात उपग्रहचित्र लावा आणि गावाजवळ पाण्याचा एखादा ठिपका दिसतो का बघा. ‘हे तळं बहात्तरला झालं’ असं सांगणारं कोणी ना कोणी भेटतंच. शक्य असेल तर जाऊन या, बांध पावलांनी मोजा. वाटेत पुरातत्त्व खात्याची एखादी संरक्षित वास्तू असेल तर तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं.

नागरिकशास्त्रासाठी तर घराबाहेरही पडायला नको. आई-बाबांपैकी कोणी महाराष्ट्रात नोकरी करत असेल तर पगाराची पावती काढा. तिच्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा कापलेली छोटी रक्कम दिसेल. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, आणि त्यामागचा हेतू होता रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणं. गावात मागेल त्याला काम द्यायचं आणि त्याचा काही भार शहरातल्या पगारदाराने उचलायचा, अशी ती मांडणी. योजनेमागे वि. स. पागे यांचा विचार होता. दुष्काळातल्या कामांनी तिला बळ दिलं, १९७७ मध्ये राज्याचा रोजगार हमी कायदा झाला, २००५ मध्ये केंद्राने देशासाठी तसा कायदा केला. कायद्यांचे मूळ मजकूर सरकारी स्थळांवर मोफत आहेत. भारताचं संविधानही मराठीत तसंच मिळतं. मुलाला सगळा कायदा वाचायला लावू नका. ‘काम मागितल्यावर किती दिवसांत द्यायचं?’ एवढंच शोधायला सांगा.

एवढं झालं की मूल बहुधा स्वतःच विचारतं, ‘त्याच्या आधीचा दुष्काळ केव्हा होता?’ तेव्हा गॅझेटिअर उघडायची वेळ येते. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेले मुंबई इलाख्याचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर आणि राज्याच्या गॅझेटिअर विभागाकडे मिळतात. सोलापूरचा खंड १८८४ चा, पुण्याचा १८८५ चा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या हकिकती त्यांत आहेत. पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि विदर्भही मुंबई इलाख्यात नव्हता, म्हणून तिथली गावं या खंडांत शोधून हाती काही लागत नाही. त्यांच्यासाठी हैदराबाद संस्थानाचे आणि वऱ्हाडाचे वेगळे ग्रंथ बघावे लागतात. शहरांची नावंही जुन्या स्पेलिंगने, ‘पूना’, ‘शोलापूर’ अशीच टाकायची.

आर्काइव्हवर मराठी पुस्तकं शोधताना नाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघा, कारण नोंदी करणाऱ्यांनी ती मनाला येईल तशी लिहिलेली असतात. तिथे आहे म्हणजे मोकळं आहे, असंही नाही. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं झाल्यावर हक्क संपतो. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यांचे ग्रंथ बिनधास्त घ्या. हयात लेखकाचं गेल्या वर्षीचं पुस्तक कोणी स्कॅन करून टाकलं असेल तर ती चोरीच, ते वाचनालयातून आणा.

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला पुस्तकाचं नाव, साल आणि पान मुलाकडूनच लिहून घ्या, पीडीएफ ठेवली नाही तरी चालेल. आमच्या वहीत एका पानावर डावीकडे ‘आजी म्हणाली’, उजवीकडे ‘पुस्तिकेत’ आणि मध्ये एक रिकामा रकाना आहे. मुलगी तिथे प्रश्नचिन्हं काढते. सध्या अकरा आहेत.