हँडल एका बाजूला का ओढते?

शाळा उघडण्याच्या दिवशी वसतिगृहाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या मोटारसायकली पाहाव्यात. बहुतेक पंधरा-वीस वर्षे चाललेल्या. एकेकीवर वडील, मुलगा, पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची वळकटी. अभोणा, नांदुरी, सुरगाणा या बाजूंनी येणारे पालक मला सांगतात, “सर, हँडल जड झालंय,” किंवा “गाडी आपोआप डावीकडे जाते.” पुढे घाट उतरायचा असतो, म्हणून हे लिहीत आहे.

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांचे वाहन रस्त्यावर आणले. तेव्हापासून हँडल केवळ वळण्यासाठी नाही, तोलासाठीही आहे. सरळ जातानाही आपण ते नकळत किंचित हलवीत असतो. ते अडले तर गाडी डुलते, ढिले पडले तर थरथरते.

मात्र दोष हाताला जेथे जाणवतो तेथेच असतो असे नाही. इतिहासाच्या तासाला मी हेच सांगतो आणि स्वतः विसरलो. गाडी ओढते म्हणून मी कोनसेट बदलून घेतला; ओढणे तसेच राहिले. कारण मागे होते. चेन ताणताना एकाच बाजूचा नट फिरवल्याने मागचे चाक तिरपे बसले होते. चिमट्याच्या दोन्ही टोकांवरील खुणा मोजल्या असत्या तर खर्च वाचला असता.

म्हणून आधी पुढच्या टायरची हवा पाहावी. शंभर सीसीच्या गाडीस साधारण २५ पौंड. टायर एका कडेने झिजला आहे का, आरे ढिले आहेत का, तेही पाहावे. मग मागील खुणा. त्यानंतर मेन स्टँड लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मध्यभागी ते खाचेत बसल्यासारखे अडले, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. गाडी बहुतांशी सरळ चालते, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दणका छर्रे त्याच जागी देतात. अशा वाट्या आवळून सुधारत नाहीत. छर्रे आणि वाट्या एकत्रच बदलाव्या लागतात. खाच नाही, पण शॉकअपच्या खालच्या नळ्या धरून पुढेमागे ओढल्यावर ‘खट’ होते, तर केवळ ढिलेपणा आहे. तो काढताना फार आवळू नये. हँडल स्वतःच्या वजनाने दोन्हीकडे पडले पाहिजे.

वळणावर मागची बाजू वेगळी चालल्यासारखी वाटत असेल, तर मागचे चाक आडवे हलवून चिमट्याचा बुश तपासावा. अपघातात वाकलेल्या शॉकअपच्या नळ्यांचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीचे.

हात सोडून गाडी सरळ जाते का, हे रस्त्यावर पाहू नये. आणि हँडल थरथरत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मुलगा व पेटी दोघांनाही एसटीने पाठवावे.