न्यूट्रलमध्ये चालू होते, गिअरमध्ये नाही! बाईकचं नेमकं बिनसतं कुठे?

सिग्नल सुटतो, क्लच जरा पटकन सुटतो आणि बाईक पहिल्या गिअरमध्येच बंद पडते. मागून हॉर्नचा भडिमार सुरू. क्लच दाबून सेल्फ मारावा तर स्टार्टर हूं की चूं करत नाही. न्यूट्रल शोधून बटण दाबलं की मात्र पहिल्या झटक्यात चालू! अशा वेळी बहुतेकांना वाटतं की बॅटरी गेली. पण बॅटरी गेली असती तर गाडी न्यूट्रलमध्येही चालू झाली नसती.

खरं कारण बहुतेक वेळा एका छोट्याशा स्विचमध्ये असतं. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला तर गाडी पुढे उडी मारेल. ते टाळण्यासाठी बटणापासून स्टार्टर रिलेपर्यंतच्या सर्किटमध्ये एक अट घातलेली असते. एक तर गाडी न्यूट्रलमध्ये हवी, नाहीतर क्लच दाबलेला हवा. न्यूट्रलची खबर गिअरबॉक्सवरचा स्विच देतो, क्लचची खबर लिव्हरच्या खाली लपलेला स्विच देतो. अनेक बाईकमध्ये साईड स्टँडलाही स्विच असतो. (काही मॉडेल मुळातच फक्त न्यूट्रलमध्ये चालू होतात, तेव्हा आधी गाडीसोबत आलेलं मॅन्युअल बघा.)

म्हणजे न्यूट्रलमध्ये गाडी चालू होतेय, याचा अर्थ बॅटरी, फ्यूज, किल स्विच, स्टार्टर सगळं ठणठणीत आहे. संशयित उरतात दोनच: क्लच स्विच आणि साईड स्टँड स्विच.

दोघांना वेगळं ओळखणं सोपं आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, स्टँड वर घ्या, क्लच दाबून पहिला गिअर टाका. गिअर पडताक्षणी इंजिन बंद झालं तर दोष स्टँडच्या स्विचचा, कारण स्टँड खालीच आहे असं गाडीला वाटतंय. पावसाळ्यात हे फार होतं. चिखल त्या स्विचपाशी साचून घट्ट बसतो. पाणी आणि जुना ब्रश घेऊन साफ करा, स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाईपचा झोत मात्र थेट स्विचवर मारू देऊ नका.

गाडी गिअरमध्ये व्यवस्थित चालतेय, फक्त सेल्फ लागत नाही? मग आधी क्लच स्विच बघा. इंजिन बंद ठेवून लिव्हर हळू दाबा. बऱ्याच गाड्यांमध्ये बारीक ‘टक’ ऐकू येतो. येत नसेल तर आतली पिन अडकलेली असू शकते. लिव्हर पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडल्यावर गाडी चालू झाली, तर स्विचच्या आत धूळ किंवा गंज आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बघा. लिव्हरखालच्या दोन बारीक वायरींचा कनेक्टरही तपासा, कारण हँडल सतत वळत असल्यामुळे त्या सैल होतात किंवा तुटतात. मल्टिमीटर असेल तर लिव्हर दाबल्यावर तो वाजला पाहिजे. हा स्विच बदलणं तसं किरकोळ काम आहे.

एक वेगळा प्रकारही असतो. सेल्फ लागतो, पण क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते आणि इंजिन धापा टाकतं. इथे स्विचचा काही दोष नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या क्लच प्लेट एकमेकींना चिकटतात. नाहीतर केबल ढिली झालेली असते. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल असावी. आकडा मॉडेलनुसार थोडा बदलतो. त्याहून जास्त असेल तर ॲडजस्टर फिरवून केबल ताणून घ्या.

किकची गोष्ट निराळी. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांमध्ये किकची ताकद गिअरबॉक्स आणि क्लचमधून इंजिनपर्यंत जाते. क्लच दाबला की ती वाटच तुटते. त्यामुळे तिथे न्यूट्रलच हवं आणि त्यात बिघाड काही नाही.

आता मुद्दा ‘जुगाडा’चा. काही गॅरेजमध्ये क्लच स्विचच्या दोन्ही वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करून देतात. दोष शोधण्यापुरतं, क्लच आणि ब्रेक दाबून दोन मिनिटं असं करणं ठीक. कायमचं ठेवलं तर मात्र क्लच न दाबताही गिअरमध्ये सेल्फ लागतो. घरासमोर गिअरमध्ये उभी केलेली बाईक, चावी लावलेली, आणि लहान मुलाने खेळता खेळता बटण दाबलं, एवढंच पुरेसं आहे. स्टँडचा स्विच डायरेक्ट केला तर खाली राहिलेला स्टँड वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी आडवी होते.

सेकंडहँड बाईक घेताना हे तपासता येतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी असू द्या, पहिला गिअर टाका आणि क्लचला हात न लावता क्षणभर बटण दाबा. चाक फिरलं, तर विकणाऱ्याला आधी वायरिंगबद्दल विचारा, किमतीचं नंतर.