पाव किलो तुपात ऑस्ट्रेलिया

तळेऱ्याला चार बाजूंचे रस्ते भेटतात. एक मुंबईकडे जातो, एक गोव्याकडे, एक करूळ घाट चढून कोल्हापूरकडे आणि एक उतरत उतरत थेट विजयदुर्गाच्या जेटीवर. त्यामुळे आमच्या गावात अंतराची गोष्ट रोजच निघते. मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे जवळपास तीन मुंबई-पुणे. गणपतीला चाकरमानी गाडीतून उतरतो तो कंबर धरूनच. "किती तास लागले?" हा पहिला प्रश्न, पाण्याचा तांब्या त्यानंतर.

मीही अंतरं अशीच मोजत आलो. मग एका डिसेंबरात आबांना घेऊन विजयदुर्गाच्या खाडीवर गेलो आणि माझी मोजपट्टीच मोडली.

ओहोटी लागली होती. चिखल उन्हात चकाकत होता आणि त्यावर चिमणीएवढं एक पाखरू धावत होतं. काळे पाय, पांढरंशुभ्र पोट, दाभणासारखी काळी चोच. टक टक टक, चिखलात शिवण घातल्यासारखी चोच चालू. पाण्याची कड पुढे आली की हे मागे, कड मागे गेली की हे पुढे. छोटा टिलवा. वजन पंचवीसेक ग्रॅम. खिशातून दहा रुपयांची तीन नाणी काढा आणि तळहातावर ठेवा. झालं, एवढाच तो टिलवा. पंख, पिसं, काळीज, मेंदू, सगळं धरून!

आता बसा नीट. हा टिलवा अंडी घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ माळावर. सायबेरियाच्या टोकाला तैमिर नावाचा भूभाग आहे, तो त्याच्या माहेरांपैकी एक. तिथून विजयदुर्ग सरळ रेषेत मोजलं तर साधारण ६,७५० किलोमीटर. म्हणजे ४५ वेळा मुंबई-पुणे! कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा सगळा मार्ग ७४१ किलोमीटरचा. असे नऊ मार्ग एकापुढे एक जोडा. आणि हे तीन नाण्यांच्या वजनाच्या जिवाने.

थांबा, अजून आहे. टिलव्याची लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत १४ सेंटिमीटर. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या जवळपास पावणेपाच कोटी पट अंतर त्याने कापलं. साडेपाच फुटांच्या माणसाने आपल्या उंचीच्या हिशेबाने तेवढंच जायचं ठरवलं, तर पृथ्वीला दोन प्रदक्षिणा पडतील. आणि टिलव्याच्या वाटेत हॉटेल नाही, पंप नाही, नकाशा नाही.

आबांना हे सांगितलं. ते बराच वेळ पाखराकडे बघत राहिले. "ह्या एवढासा?" म्हणाले, "माका खरा वाटणा नाय."

मलाही वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून हिवाळ्यातलं कुठलंही पाखरू दिसलं की मी आधी आकडा शोधतो. कुणी मुंबईहून फोन करून सांगतो की अमुक दुर्मिळ पक्षी दिसला, तेव्हा मला त्याच्या रंगाआधी त्याच्या मागचं अंतर दिसायला लागतं.

मुंबईचंच घ्या. शिवडीपासून ऐरोलीपर्यंतची ठाण्याची खाडी. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला टॉवर, डोक्यावर विमानं आणि मधल्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून पक्ष्यांच्या मागे आहे. तिच्या माणसांनी जानेवारी २०१९ मध्ये मोजले तेव्हा आकडा १,२०,००० च्या वर गेला. एक लाख वीस हजार! खच्चून भरलेल्या १२ डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली, तर २४ लोकल भरून रोहित. त्यांना पंख पसरून एकमेकांच्या पंखाला पंख लावून उभं करा. लहान रोहिताचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण एक मीटर. ती गुलाबी रांग सीएसएमटीहून निघेल, दादर, ठाणे, कल्याण, कर्जत मागे टाकेल आणि थेट खंडाळ्याच्या घाटात जाऊन थांबेल.

आणि ही मंडळी जेवतात काय? शेवाळ. एका पक्ष्याला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम सुकं शेवाळ धरलं, तर रोजचे सात हजार किलो होतात. मालाने भरलेला एक ट्रक रोज त्या खाडीत रिकामा होतो. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ती जागा जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. मुंबईने त्या चिखलाला हात लावायच्या आधी ही २४ लोकलची गर्दी डोळ्यांसमोर आणावी, एवढंच मला पोटतिडकीने वाटतं.

काही पक्षी मात्र किलोमीटर कापून येत नाहीत, वर्षं कापून येतात. रानपिंगळा पाहा. वीतभर उंचीचं घुबड. १८८४ नंतर ते खात्रीने कुणाला दिसलंच नाही. गेलं, संपलं, असं धरून लोक पुढे गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना ते नंदुरबारमध्ये शहाद्याजवळ भर दिवसा फांदीवर बसलेलं सापडलं. मधे ११३ वर्षं गेली. ४१ हजारांहून जास्त दिवस! रोज सकाळी एकाने उठून "आज दिसलं का?" विचारावं, आणि ४१ हजार वेळा "नाही" ऐकावं. आणि मग २०१४ मध्ये तेच घुबड तानसाच्या जंगलात दिसलं. म्हणजे मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या काठी, शंभरेक किलोमीटरवर.

आता मान वर करा. नोव्हेंबर-डिसेंबरात आमच्या कोकणाच्या आकाशातून अमूर ससाणे जातात. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूइतकं. चीन आणि रशियाच्या सीमेवरच्या अमूर नदीच्या मुलखातून निघतात, नागालँड-मणिपूरला थांबून पोटभर खातात, भारत आडवा ओलांडतात आणि मग? मग समोर अरबी समुद्र. सोमालियापर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर, २० वेळा मुंबई-पुणे, आणि टेकायला एक खडकसुद्धा नाही. मालवणचा मच्छीमार ट्रॉलर घेऊन निघतो तरी बर्फ, डिझेल, तांदूळ भरून निघतो. हा चेंडूएवढा ससाणा जे काही आहे ते अंगात घेऊन निघतो. त्याच वाटेने त्याच दिवसांत चतुरही समुद्र ओलांडतात, असं चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. ते चतुर खात खात ससाणे जातात म्हणे. चतुराचं वजन म्हणजे तांदळाचे पंधराएक दाणे. पंधरा दाणे अरबी समुद्र ओलांडतात! मी शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवतो आणि गप्प बसतो.

याच ससाण्यांचा एक आकडा उच्चारताना माझा आवाज बसतो. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून दहा-बारा दिवसांत अंदाजे १,२०,००० ससाणे मारले गेले. ठाण्याच्या खाडीतले सगळे रोहित डोळ्यांसमोर आणा, तेवढे. तिथल्या गावांनी शिकार बंद करायचं ठरवलं. २०१३ च्या मोसमात किती मारले गेले? शून्य. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रं बसवली. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. ज्या पांगती गावात जाळी लागली होती, त्याच गावाचं नाव घेऊन एक ससाणा आफ्रिकेच्या वाटेला लागला.

उंचीचं म्हणाल तर देशावर चला. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर भिगवणला, उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. यंत्र लावलेला एक हंस ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. आमच्या परसातली विहीर दहा मीटर खोल आहे. अशा ७२९ विहिरी एकीवर एक रचा, आणि सगळ्यात वरच्या विहिरीच्या काठावरून तो हंस पंख मारत जाईल. कळसूबाईवर कळसूबाई ठेवत गेलं तर चार पुरत नाहीत. तिथल्या हवेत प्राणवायू आपल्या निम्म्याहूनही कमी. करूळ घाट चढताना मला दोनदा थांबावं लागतं, आणि मी गाडीत असतो!

कोकिळेच्या जातकुळीतल्या ओनोन नावाच्या पक्ष्याची गोष्ट तर लॉकडाऊनमध्ये जगाने घरी बसून पाहिली. २०१९ मध्ये मंगोलियात त्याला यंत्र लावलं. तो भारतावरून आफ्रिकेत गेला आणि २०२० च्या मे महिन्यात अरबी समुद्र ओलांडून परत आला. २६,००० किलोमीटर, १६ देश, २७ वेळा सरहद्द पार. कोकण रेल्वेचे ३५ मार्ग. तेव्हा आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता.

आणि आता सगळ्यांचा बाप. बाप कसला, पाच महिन्यांचं पोर! पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. याचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही येतात, पण हे पोर अलास्काचं. त्याला नाव नाही, नुसता नंबर: २३४६८४. १३ ऑक्टोबर २०२२ ला ते अलास्काहून उडालं आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं. ११ दिवस १ तास. १३,५६० किलोमीटर. मधे एकदाही टेकलं नाही. अन्न नाही, पाणी नाही, जमीन नाही.

९० वेळा मुंबई-पुणे. न थांबता. ताशी ५१ किलोमीटर. आमची कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कणकवलीला टेकते, जवळपास त्याच वेगाने. फक्त तिला इंजिन आहे, रूळ आहेत, स्टेशनं आहेत. याला २६५ तास नुसते पंख. सेकंदाला पाचच फटके धरले तरी ४७ लाखांवर फटके!

आणि इंधन? अंगातली चरबी. पाव किलोच्या आसपास धरा, म्हणजे वाटीभर साजूक तूप. बाजारभावाने पावणेदोनशे रुपये. तेवढंच अंतर माझ्या गाडीने काढायचं तर ९०० लिटर पेट्रोल, नव्वद हजार रुपये. आणि या पोराला? पावणेदोनशे रुपयांत १३,५६० किलोमीटर. किलोमीटरला सव्वा पैसा! सव्वा पैसा!

पुढे पुन्हा त्या खाडीवर गेलो तेव्हा हे सगळं मी आबांना सांगत होतो, बोटं मोजत, हात वर करत. त्यांचं लक्ष टिलव्यांवर. एकाचे आता कितीतरी झाले होते. "मोज बघू," ते म्हणाले.

मी मोजायला लागलो. पळणारी पाखरं मोजणं सोपं नाही, एक पुढे गेला की दोन मागे येतात. ११४ पर्यंत आलो. सगळे तैमिरचे धरले तर ११४ गुणिले ६,७५०. मोबाईलवर केलं: ७,६९,५०० किलोमीटर. इथून चंद्र ३,८४,४०० किलोमीटर. जाऊन परत येणं ७,६८,८००.

मी आबांना मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला, मग चिखलाकडे पाहिलं. भरती लागली होती. पाण्याची कड टिलव्यांच्या पायांशी आली, ते मागे सरले, पुन्हा आली, आणि ११४ च्या ११४ एकदम उठले. वळताना सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकली. खाडीवर एक फेरी मारून ते पलीकडच्या काठावर उतरले आणि पुन्हा चोचीने चिखल शिवायला लागले.